रेषा कुठे होती, ते आधी सांगा

‘कम्फर्ट झोनच्या बाहेर जाऊन केलेलं एखादं काम सांगा.’ नवी मुंबईत ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये, महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत, बेलापूरच्या ऑफिसांत आणि खाडीअलीकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येही हा प्रश्न आता ‘स्वतःबद्दल सांगा’च्या पाठोपाठ येतो. पूर्वी तो मोठ्या आयटी कंपन्यांपुरता होता. हल्ली तीस माणसांच्या कारखान्यात स्टोअरकीपरच्या जागेसाठी गेलात तरी विचारतात. प्रश्न पसरला, उत्तरं मात्र तिथेच राहिली. स्टेजची भीती होती, ती घालवली. गाव सोडून शहरात आलो. कलावंतीणीचा सुळका चढलो.

यातलं एकही उत्तर खोटं असतं असं नाही. पण स्टेजची भीती समोरच्याने इतक्यांदा ऐकलेली असते की दुसऱ्या वाक्याला त्याचं पेन थांबतं. गाव सोडण्याचं उत्तर मनापासूनचं असतं, तरी कोपरखैरणे-घणसोलीत चौघांत खोली घेऊन राहणारं जवळपास प्रत्येक पोर कुठून तरी आलेलंच असतं. त्यात तुम्ही वेगळं काय केलंत ते कळत नाही. आणि ट्रेकचं म्हणाल, तर भीती वाटत असूनही वर पोचलो एवढ्यावरून हा माणूस सोमवारी सकाळी अनोळखी सॉफ्टवेअर समोर आल्यावर काय करेल, याचा काहीच अंदाज बांधता येत नाही.

मुलाखत घेणाऱ्याला तेवढाच अंदाज बांधायचा असतो. नवीन जागेवर पहिले दोन-तीन महिने प्रत्येकालाच काही ना काही येत नसतं. तेव्हा हा माणूस गप्प बसून चुका झाकेल, की उगाच छाती काढून दुसऱ्याचंही काम बिघडवेल, की आपल्याला नेमकं काय येत नाही ते ओळखून त्यावर कामाला लागेल? उडी किती लांब होती हे इथे दुय्यम ठरतं. उडीआधी तुम्ही कुठे उभे होतात, येणाऱ्या आणि न येणाऱ्या कामाच्या मधली तुमची रेषा नेमकी कुठून जात होती, हे तुम्हाला ठाऊक होतं का, यावर उत्तराचं वजन ठरतं. दहातली आठ उत्तरं पडतात ती इथेच, असं माझं मत आहे. रेषा सांगितलेलीच नसते. थेट पलीकडची वीरकथा सुरू होते.

अशा प्रश्नांना मागे थोडा इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानदलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी ‘चांगला वैमानिक कसा असतो’ हा मोघम प्रश्न बाजूला ठेवला आणि कोणत्या प्रसंगी कोणी नेमकं काय केलं, त्याने काम सुधारलं की बिघडलं, याच्या नोंदी गोळा केल्या. १९५४ साली त्यांनी ही पद्धत लिहून काढली. घडलेल्या प्रसंगातली वागणूक तपासायची, ही आजच्या मुलाखतीची सवय बरीचशी तिथून आली. १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी आधीच्या अनेक अभ्यासांची बेरीज मांडली: सगळ्यांना तेच प्रश्न विचारून, ठरलेल्या पट्टीवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.५१ (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण), आणि गप्पांच्या ओघात होणाऱ्या मुलाखतीचा ०.३८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली हेच गणित पुन्हा केलं तेव्हा आकडे ०.४२ आणि ०.१९ वर आले. थोडक्यात, भविष्य कोणालाच नीट दिसत नाही, पण ठरलेल्या पट्टीने मोजणाऱ्याला जरा बरं दिसतं. त्यामुळे मोठ्या कंपन्यांत समोरच्याच्या हातात बहुतेक वेळा एक ते पाचची पट्टी असते आणि तुमचं प्रत्येक वाक्य तो त्या पट्टीवर कुठे बसतं ते बघत असतो. मोघम बोललात, उदाहरण नाही, तर एक किंवा दोन. उदाहरण आहे पण तुम्ही काय केलंत ते धूसर, तर तीन. स्वतःची मर्यादा, स्वतःचा निर्णय, केलेली कृती, त्याचा परिणाम आणि पुढे टिकलेला बदल हे सगळं दिसलं, तर चार-पाच.

आता एक उदाहरण जवळून बघू. समजा, वाशीतल्या एका कस्टम्स ब्रोकरच्या (आयात-निर्यातीची कस्टम्सची कामं करून देणाऱ्याच्या) ऑफिसात दोन वर्षं डॉक्युमेंटेशन करणारा मुलगा तुर्भ्याच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत मुलाखतीला गेलाय. प्रश्न आल्यावर तो म्हणतो, ‘सर, मी आधी डॉक्युमेंटेशनला होतो. मग मला फील्डला टाकलं. फील्डचं काम एकदम वेगळं असतं. ऊन, धूळ, रात्री उशीर होतो. पण मी ॲडजस्ट केलं आणि खूप काही शिकायला मिळालं.’

वीस सेकंदांत उत्तर संपलं. यात निर्णय दुसऱ्याचा आहे, ‘टाकलं’. अडचण हवामानाची आहे. कृती ‘ॲडजस्ट केलं’ एवढीच, आणि ‘खूप काही’ म्हणजे काय ते कोणालाच कळणार नाही. आता तोच मुलगा, तेच काम, पण रेषा आधी आखून (बीएल म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, बिल ऑफ एंट्री किंवा बीई म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे भरायचा अर्ज, सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम, द्रोणागिरी हा उरणजवळचा अशा गोदामांचा परिसर, जी-कार्ड आणि एच-कार्ड म्हणजे ब्रोकरच्या माणसांची कस्टम्सची ओळखपत्रं, एक्झामिनेशन ऑर्डर म्हणजे मालतपासणीचा आदेश, ई-संचित म्हणजे कागद चढवायची कस्टम्सची ऑनलाइन सोय):

‘सर, दोन वर्षं माझं काम स्क्रीनपुरतं होतं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएल जुळवायचं, चेकलिस्ट काढायची, पार्टीकडून ओके घ्यायचं आणि बिल ऑफ एंट्री फाइल करायची. माल मी कधी डोळ्यांनी बघितला नव्हता. सीएफएसमधून क्वेरी आली की मी फील्डच्या माणसाचा नंबर द्यायचो. मग लक्षात आलं की एका पार्टीच्या मालावर महिन्याला चार-पाच क्वेरी येतात आणि त्या सगळ्या मालाच्या वर्णनावरून, म्हणजे मीच टाइप केलेल्या ओळीवरून येतात. मी मॅनेजरना विचारलं, आठवड्यातून दोन दिवस मला जी-कार्डवाल्या सिनिअरबरोबर द्रोणागिरीला जाऊ द्या. एच-कार्ड काढून घेतलं. जायच्या आदल्या दिवशी सिनिअरबरोबर बसून एक्झामिनेशन ऑर्डर कशी वाचायची ते शिकलो. पहिल्याच फेरीत अडकलो. मशीनचे सुटे भाग होते, बॉक्सवर एक पार्ट नंबर आणि इनव्हॉइसवर दुसरा. अधिकाऱ्यांनी कॅटलॉग मागितला, तो माझ्याकडे नव्हता. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्यानंतर मी नियम केला: त्या पार्टीचा माल निघायच्या आधीच कॅटलॉगचं पान, दोन्ही पार्ट नंबरांचा तक्ता आणि बॉक्सवरच्या मार्किंगचे फोटो मागवायचे आणि फाइल करतानाच ई-संचितवर चढवायचे. पुढच्या तीन महिन्यांत त्या पार्टीच्या क्वेरी महिन्याला एकवर आल्या. आता आमच्या चेकलिस्टमध्येच तो रकाना आहे.’

सावकाश बोललं तर हे दोन मिनिटांच्या आत बसतं. फील्डला जाणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे, न्हावा-शेव्यात रोज शेकडो पोरं सीएफएसमध्ये उभी असतात. पण या उत्तरात रेषा ठळक आहे: स्क्रीनच्या अलीकडे सगळं येत होतं, पलीकडचं काहीच नाही, आणि त्या न येण्याची किंमत दुसरं कोणी मोजत होतं. बाहेर पडण्याचं कारण स्वतःच्या कामात सापडलं. परवानगी घेतली, कार्ड काढलं, सिनिअरला धरून गेला. पहिल्याच दिवशी फजिती झाली, ती लपवली नाही आणि तिच्यावर रडतही बसला नाही. शेवटी जो बदल झाला तो त्याच्या एकट्याच्या डोक्यात न राहता चेकलिस्टच्या रकान्यात उतरला.

एवढ्यावर मुलाखत थांबत नाही. समोरचा जाणकार असेल तर तो खणायला लागतो, आणि पाठ केलेलं उत्तर इथे उघडं पडतं. ‘तपासणी एक दिवस पुढे गेली, मग पैसे किती वाढले?’ इथे मुलगा म्हणाला की रोज पाच हजार दंड पडतो, तर गेला. बिल ऑफ एंट्री वेळेत न भरल्याचे लेट चार्जेस वेगळे: पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,०००. त्याची बीई वेळेत भरलेलीच होती, अडली ती तपासणी. तिथे वाढतं ते सीएफएसचं ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, आणि शिपिंग लाइनचे फ्री डेज संपले असतील तर कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे तो उशिरा परत केल्याचे पैसे. ही तीन वेगवेगळी बिलं आहेत आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी भरायची असतात. खरोखर जाऊन उभा राहिलेल्या माणसाच्या तोंडात ही चूक येत नाही. तेव्हा आपल्या प्रसंगातला प्रत्येक आकडा, प्रत्येक कागद, प्रत्येक खात्याचं नाव एकदा तपासून घ्या. आकडा आठवत नसेल तर तो सांगूच नका. ‘कमी झाल्या, पण मोजून ठेवल्या नव्हत्या’ हे चालतं. हवेतले चाळीस टक्के चालत नाहीत, कारण पुढचा प्रश्न ‘कशाचे चाळीस टक्के?’ हाच असतो.

खणण्याचे प्रश्न साधारण ठरलेले आहेत. हे आधी का नाही केलंत? तुम्ही नसतात तर काय झालं असतं? यात तुमचा वाटा किती आणि टीमचा किती? पुन्हा करायची वेळ आली तर काय बदलाल? असं कधी झालं का की बाहेर पडलात आणि जमलंच नाही? शेवटचा सगळ्यांत अवघड, आणि त्याची तयारी जवळपास कोणीच केलेली नसते. त्यासाठी दुसरा, छोटा प्रसंग हाताशी असू द्या. त्यात काम खरंच फसलेलं असावं, पण कोणाचं नुकसान होण्याआधी तुम्ही ‘हे मला झेपत नाहीये’ असं वेळेत सांगितलेलं असावं. न जमलेलं काम वेळेत परत करणाऱ्या माणसाबद्दल मॅनेजर लोकांना फार आपुलकी असते.

वाट्याच्या प्रश्नावर मराठी माणूस हमखास अडखळतो. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये, हे घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे ‘मग ते ठरवण्यात आलं’, ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’, ‘होऊन गेलं’ अशी वाक्यं येतात आणि कर्ता कुठे आहे ते शोधावं लागतं. विनय चांगलाच, पण समोरच्याला त्या पट्टीवर तुमच्या नावापुढे गुण लिहायचे असतात, तुमच्या आख्ख्या डिपार्टमेंटच्या नावापुढे नाही. साधा उपाय: टीमचं काम एका वाक्यात सांगून टाका आणि त्यातला आपला तुकडा अलग करा. ‘ऑडिटची तयारी सहा जणांनी केली, गेज कॅलिब्रेशनच्या फाइली माझ्याकडे होत्या.’ यात बढाई नाही, आणि वाटाही स्पष्ट आहे.

किती मोठा प्रसंग निवडावा, यावर मतं निरनिराळी आहेत. प्रशिक्षण देणारी मंडळी भिंतीवर घंटेच्या आकाराची एक वक्ररेषा दाखवतात: ताण थोडा असला की काम सुमार, मध्यम असला की उत्तम, फार झाला की पुन्हा ढासळतं. ती यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ सालच्या प्रयोगावरून आली. मूळ प्रयोग उंदरांवर होता. त्यांना विजेचे कमीजास्त धक्के देऊन दोन वाटांमधला फरक ओळखायला शिकवत होते, आणि अवघड फरक शिकताना मध्यम धक्का बरा ठरला. त्यावरून मुंबईच्या लोकलमधून उतरलेल्या माणसाचं करिअर ठरवणं म्हणजे जरा जास्तच झालं. पण मुलाखतीपुरता अंदाज म्हणून मध्यम उडी बरी, हे मलाही पटतं. फार लहान असेल (‘नवीन एक्सेल फॉर्म्युला शिकलो’) तर समोरच्याला वाटतं, याची रेषा दाराच्या उंबऱ्यावरच आहे. फार मोठी असेल (‘काहीच माहीत नसताना आख्खा प्रोजेक्ट एकट्याने अंगावर घेतला’) तर कौतुकापेक्षा भीती जास्त वाटते.

ही भीती काही धंद्यांत अगदी रास्त असते, आणि इथे नवी मुंबईचा पट्टा आठवावा लागतो. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा सगळा ठाणे-बेलापूर रस्त्याकडेचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा आहे, आणि त्यात रसायनांचे कारखाने पुष्कळ. तिथल्या प्लांट ऑपरेटरने मुलाखतीत सांगितलं की ‘शिफ्टला कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच व्हेसलमध्ये (रसायनाच्या बंद टाकीत) उतरून लाइन मोकळी केली’, तर त्याच्या धाडसाला गुण मिळणार नाहीत. सेफ्टी ऑफिसर तिथेच फुली मारेल. बंद जागेत शिरायचं तर वर्क परमिट लागतं, वीज आणि व्हॉल्व्ह बंद करून त्यांना कुलूप-टॅग लागतो, आत ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान आहे का ते मीटरने बघावं लागतं, विषारी आणि ज्वलनशील वायूंची तपासणी वेगळी, आणि बाहेर एक माणूस लक्ष ठेवून उभा हवा. ही रेषा ऑपरेटरच्या मनाने आखलेली नसते, तर ती कार्यपद्धतीची असते. ती ओलांडणं हा गुण नव्हे.

मग प्लांटच्या माणसाने सांगावं तरी काय? माझ्या मते तिथलं सगळ्यांत दमदार उत्तर ‘थांबवलं’ हे आहे. वीस वर्षं अनुभवाच्या शिफ्ट इनचार्जला दोन वर्षांच्या ऑपरेटरने म्हणायचं, ‘साहेब, परमिटवर गॅस टेस्टची वेळ सकाळची आहे, आता जेवणानंतर पुन्हा घेऊ, मग माणूस आत सोडू.’ मशीन चालवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. मोठ्यांना उलट बोलू नये या संस्काराच्या बाहेर पाऊल टाकावं लागतं, सगळ्यांदेखत. उत्तरात मग नेमकं सांगायचं: काय दिसलं, कोणाला काय शब्दांत म्हटलं, त्यांनी काय केलं, काम किती उशिरा सुरू झालं, आणि पुढे दुपारच्या शिफ्टच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, पुन्हा टेस्ट घेण्याचा मुद्दा कसा आला. साहेबांना खलनायक करायचं नाही. ते घाईत होते, बस.

हाच नियम नर्सला लागू: डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरीशिवाय औषध दिल्याची गोष्ट कितीही चांगल्या हेतूची असो, सांगू नये; डोस चुकीचा वाटला म्हणून रात्री दोनला डॉक्टरांना फोन करून उठवल्याची सांगावी. बँकेत मेकर-चेकरची रेषा असते, म्हणजे नोंद एकाने करायची आणि मंजूर दुसऱ्याने; तिथेही तसंच.

नुकतंच कॉलेज संपलेल्यांची तक्रार वेगळी. सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही म्हणतात. खरं तर घडलेलं असतं, पण ते त्यांना मुलाखतीच्या लायकीचं वाटत नाही. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात हिशोबाची वही कोणाकडे होती? दिवाळीत मॉलमधल्या काउंटरवर महिनाभर काम केलं तेव्हा बिल परत घेऊन आलेल्या चिडक्या गिऱ्हाइकाशी कोण बोललं? सोसायटीच्या कमिटीत बाबांच्या जागी जाऊन पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी कोणी केली? मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने तिसऱ्या सेमिस्टरला इंग्रजीत सेमिनार दिला असेल तर तेही चालतं, पण त्यात भीती किती होती हे कमी आणि तयारी कशी केली हे जास्त सांगा. स्लाइडवर पूर्ण वाक्यं लिहिली होती ती खोडून प्रत्येकीवर चार शब्द ठेवले. प्रश्नोत्तरांत अडकायला होईल म्हणून मैत्रिणींकडून आधीच बारा प्रश्न लिहून घेतले. त्यातला एकच आला. असा तपशील कुठल्याही मोटिव्हेशनल वाक्याहून सरस असतो.

एक गोष्ट मात्र जपून. घरातलं मोठं दुःख, आजारपण, मृत्यू, वडिलांची सुटलेली नोकरी, हे सगळं माणसाला कम्फर्टच्या बाहेर ओढून नेतंच. पण मुलाखतीत ते सांगितलं की समोरचा अवघडतो. गुण देणं त्याला क्रूर वाटतं आणि खणून प्रश्न विचारणं त्याहून क्रूर, म्हणून तो पटकन पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि रकाना रिकामा राहतो. सांगायचंच असेल तर दुःख एका अर्ध्या वाक्यात आणि बाकी सगळं कृतीबद्दल: दुकानाचा जीएसटी रिटर्न पहिल्यांदा स्वतः भरला, पोर्टलवर कुठे अडकलो, कोणाला विचारलं.

मुलांसाठी चार-पाच वर्षं थांबून पुन्हा कामाला लागणाऱ्या बायका हा प्रश्न आला की ओशाळतात, कारण त्यांना तो गॅपवरचा टोमणा वाटतो. उलट त्यांच्याकडे ताजं उदाहरण असतं. ‘थांबण्याआधी टॅली ज्या आवृत्तीवर चालवत होते ती बदलली, जीएसटीचे नियम बदलले. परत येण्याआधी ओळखीच्या सीएंकडे दीड महिना आठवड्याला तीन दिवस बसून टूबी (जीएसटी पोर्टलवरचं खरेदीवरच्या करवजावटीचं पत्रक) जुळवायला शिकले.’ यात रेषा, निर्णय, कृती सगळं आहे. माफीच्या सुरात न सांगता सरळ सांगितलं की झालं.

भाषेबद्दल बोलायलाच हवं. आपल्या भागात मुलाखत इंग्रजीत सुरू होते, हिंदीवर घसरते, आणि समोर मराठी माणूस निघाला तर शेवटी दोन वाक्यं मराठीतही होतात. अडचण होते ती मराठीत विचार करून त्याचं जागच्या जागी इंग्रजी करताना. प्रस्तावना लांबते, कारण प्रस्तावनेचं इंग्रजी पाठ असतं, आणि कृतीपाशी आलं की शब्द संपतात. म्हणून परिच्छेद पाठ करू नका. फक्त क्रियापदं पक्की करा: मी काय तपासलं, काय मागितलं, काय थांबवलं, काय बदललं. पाच-सहा क्रियापदं इंग्रजीत तोंडात बसली की बाकीचं वाक्य मोडकंतोडकं असलं तरी अर्थ पोचतो. शॉप फ्लोअरच्या जागेसाठी ‘हे हिंदीत सांगू का?’ असं विचारायला हरकत नाही, बहुतेक जण हो म्हणतात. व्हॉइस प्रोसेसच्या, म्हणजे कॉल सेंटरच्या, जागेसाठी मात्र हा प्रश्न विचारलात तर तिथेच निकाल लागला.

तयारीला फार वेळ लागत नाही, पण ती कागदावर करावी लागते. एक पान घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे मागच्या दोन-तीन वर्षांत जे काम डोळे मिटून येत होतं ते लिहा, उजवीकडे त्याला लागून असलेलं पण तेव्हा न येणारं. ज्या दोन-तीन ठिकाणी तुम्ही डावीकडून उजवीकडे गेलात, तीच तुमची उदाहरणं. प्रत्येकासमोर लिहा: कोणी ठरवलं, पहिल्या आठवड्यात काय केलं, काय फसलं, आता काय वेगळं आहे. निर्णय वरिष्ठांचा असला तरी बिघडत नाही, पण मग पहिल्या आठवड्यात तुम्ही आपणहून काय मागितलंत ते सापडलं पाहिजे. तेही नसेल तर ते उदाहरण सोडा. मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात ते चार-पाच वेळा ऐकून होतं. ऐकताना घड्याळ लावा. पार्श्वभूमी तीस सेकंदांच्या पुढे गेली असेल तर कापा. एकूण उत्तराचा निम्म्याहून जास्त वेळ ‘मी काय केलं’ यावर जायला हवा. बहुतेकांचं उलट असतं, दीड मिनिट कंपनीची ओळख आणि शेवटी घाईघाईत कृती.

हल्ली पहिली फेरी पुष्कळदा रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओची असते. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला थोडे सेकंद मिळतात आणि मग कॅमेऱ्यासमोर दीड-दोन मिनिटं. समोर माणूस नसल्याने मान हलवून कोणी धीर देत नाही आणि खणणारा प्रश्नही येत नाही, म्हणून खणून निघालं असतं ते आपणच आधी घालावं लागतं: पहिल्या वाक्यात रेषा, शेवटच्या वाक्यात टिकलेला बदल. वर्दळीच्या घोडबंदर रोडकडची खिडकी बंद करा, एवढंच तांत्रिक.

आणि कोण विचारतंय ते बघून भर बदला. एचआरला तुमचा स्वभाव आणि सांगण्याची पद्धत बघायची असते, त्यांना कॅटलॉग आणि पार्ट नंबरात रस नसतो. तिथे निर्णय आणि मदत कशी मागितली यावर थांबा. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो मात्र तपशिलासाठीच बसलेला असतो, त्याला पूर्ण कागदपत्रं हवीत. दोघं एकत्र बसले असतील तर आधी तपशील थोडक्यात द्या आणि मॅनेजर खणेपर्यंत थांबा, तो खणतोच.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं आलं की पगाराच्या तारखेवर जाण्याआधी एक प्रश्न विचारून घ्या: ‘या जागेवर आधी जे होते, त्यांना पहिल्या तीन महिन्यांत काय जड गेलं होतं?’ उत्तर बहुतेक वेळा खरं मिळतं, कारण ती जागा ज्या कारणाने रिकामी झाली ते कारण मॅनेजरच्या मनात ताजं असतं. इमारतीतून खाली उतरल्यावर रिक्षात बसण्याआधी ते लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीत हाच प्रश्न उलटा होऊन येतो, ‘आमच्याकडे तुम्हाला काय जड जाईल?’ तेव्हा लिहून ठेवलेलंच धरायचं: त्यातलं काय येतं, काय येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात ते कोणाजवळ बसून शिकणार.